चाकातली लाल टिकली

मैत्रिणींनो, आमच्या घरात दिवाळीच्या आधी एक पार्सल आलं. मला वाटलं, मी मागवलेल्या पणत्याच असतील. उघडून बघते तर काय, लाल रंगाचा डबा, एक ब्रश, हातमोजे आणि कसलीशी फवारणीची बाटली! चिरंजीव पुण्याहून आदल्या रात्रीच आले होते. डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, "आई, हात लावू नकोस. कॅलिपरचा रंग आहे."

आता कॅलिपर म्हणजे काय हे मला कुठून ठाऊक असणार? मी बी. ए. मराठी. लग्नाला पंचवीस वर्षं होतील. घर, बचत गट आणि महिला मंडळ एवढ्यात माझा दिवस मावळतो. गाडीबद्दल माझं ज्ञान म्हणजे पेट्रोलचा काटा खाली गेला की ह्यांना सांगायचं, एवढंच.

मुलाने गेल्या वर्षी पगारातून हप्ता बांधून जुनी गाडी घेतली. लहानशीच आहे, पांढरी, पण पळायला भारी चपळ. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात गाडीचा दोष नव्हता. पुण्यात त्याच्या मित्रांच्या गाड्यांना म्हणे चाकाच्या आतून लाल नाहीतर पिवळा रंग डोकावतो. "तोच तर लूक असतो, आई!" मग मोबाइलवर फोटो दाखवत मला विचारायला लागला, "लाल करू, पिवळा करू की निळा?" आता रंग विचारला की कुठली बाई गप्प बसेल? मी सांगून टाकलं, "पांढऱ्यावर मोरपंखी छान दिसेल." त्याने कपाळावर हात मारला. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "तुला काय कळतं त्यातलं?"

बस, हे वाक्य मला लागलं. कळत नाही तर कळून घेऊ की! मुलाला सांगितलं, चल अंगणात, चाक काढ आणि मला दाखव.

त्याने जॅक लावून पुढचं चाक काढलं. आत एक लोखंडी गोल ताटली, चाकाबरोबर फिरणारी. तिला म्हणायचं डिस्क. आणि त्या ताटलीला एका बाजूने कवेत घेऊन बसलेला एक ओबडधोबड लोखंडी ठोकळा, तोच कॅलिपर. मी म्हटलं, "अरे, ही तर सांडशी!" खरंच, मैत्रिणींनो, तापलेलं पातेलं आपण सांडशीने दोन्ही बाजूंनी पकडतो ना, तसंच. आपण पायाने पेडल दाबलं की नळीतलं ब्रेक ऑइल पुढे रेटलं जातं, ते कॅलिपरमधल्या दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या पॅडला ढकलतो आणि दोन पॅड त्या ताटलीला दोन्हीकडून चिमटीत धरतात. ताटली थांबली की चाक थांबतं. पॅड झिजतात, बदलावे लागतात. कॅलिपर मात्र वर्षानुवर्षं चालतो. मागच्या चाकांना मात्र ताटली नव्हती, बंद डबा होता. त्याला ड्रम म्हणतात आणि त्याच्या आत लायनर असतात. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रमच असतो. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकं करतात.

गंमत पुढेच आहे. शेजारचे काका कुंपणापाशी उभे राहून आमचा हा उद्योग बघत होते. ते म्हणाले, "वहिनी, एवढं काय नवल करताय? ब्रेक तर आपल्या जळगावात बनतात!" मी चकितच झाले. केळी, सोनं, डाळ, चटया आणि ठिबकचे पाइप एवढंच जळगावचं म्हणून आपण पाहुण्यांना सांगतो. काकांनी सगळा इतिहास सांगितला. आपल्या एमआयडीसीत कल्याणी ब्रेक्सचा कारखाना होता. तो पुढे बॉशच्या नावावर गेला. २०१२ मध्ये बॉशने हा ब्रेकचा धंदा विकला, तेव्हा पाटी चेसिस ब्रेक्स इंटरनॅशनल अशी झाली. २०१९ मध्ये ती कंपनी जपानच्या हिताचीने घेतली. पाट्या बदलत गेल्या, पण काकांच्या तोंडी अजून 'कल्याणी'च. आमच्या गटातल्या एका ताईंचे यजमान कितीतरी वर्षं तिथे पाळीला जायचे. त्या माणसाचा डबा भरून देणारी बाई माझ्याशेजारी बसून पापड लाटत होती, आणि तो तिथे काय बनवतो हे मी कधी विचारलंही नव्हतं!

तर हा रंगाचा नाद आला कुठून? मुलाने सांगितलं आणि मी पुढे थोडं वाचलंही. इटलीत बर्गामो शहराजवळ १९६१ मध्ये ब्रेम्बो नावाची कंपनी निघाली. शर्यतीच्या आणि महागड्या गाड्यांचे ब्रेक बनवण्यात तिचं मोठं नाव. आपल्या पुण्याजवळ चाकणलाही तिचा कारखाना आहे, दुचाकीच्या ब्रेकचा. 'बायब्रे' असं लिहिलेले कॅलिपर पोरांच्या केटीएम बाइकवर दिसतात ते त्याच घराण्यातले. पूर्वी कॅलिपर म्हणजे काळपट, राखाडी, चाकाच्या आत लपलेला भाग. पुढे अलॉय व्हील आली, चाकाच्या जाळीतून आतलं दिसायला लागलं, आणि तिथे रंग आला.

पण ज्यांनी रंग आणला त्यांनी त्याला अर्थही दिला होता. पोर्शे नावाची जर्मन गाडी घ्या. तिच्या साध्या मॉडेलला काळे कॅलिपर, जास्त ताकदीच्या मॉडेलला लाल. सिरॅमिकची महागडी डिस्क असेल तर पिवळे. बॅटरी आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीला पोपटी. २०१७ मध्ये डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा कठीण थर द्यायला लागले, तर त्याला पांढरे. म्हणजे जाणकाराने नुसतं चाकाकडे बघून सांगावं, या गाडीची थांबण्याची ताकद किती. आपल्याकडे कसं, हिरवा चुडा दिसला की नवी नवरी, तसं. आणि आमचं कार्टं काय करणार होतं? साध्या कॅलिपरला लाल रंग फासणार होतं! मी म्हटलं, "म्हणजे खोटं मंगळसूत्र घालून मिरवणंच झालं हे." तो हसला. म्हणाला, "आई, लोक तर प्लास्टिकची लाल टोपणं आणून चिकटवतात, वर त्या इटालियन कंपनीचं नावसुद्धा असतं."

ती टोपणं कुणाच्या घरी आली असतील तर आधी काढून टाका. कॅलिपर तापतो, त्याला वारा लागला पाहिजे. टोपण वारा अडवतं, आणि सैल झालं तर फिरत्या चाकात जाऊन घासतं.

रंगाचा डबा तसाच राहिला, कारण लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज सगळं ओळीने आलं. तुळशीच्या लग्नानंतर नात्यातलं एक लग्न छत्रपती संभाजीनगरला होतं. माझं माहेर धुळ्याचं. आईला लग्नाला न्यायचं आणि परत धुळ्याला सोडायचं होतं, म्हणून येताना अजिंठ्याच्या रस्त्याने न येता आम्ही कन्नडचा घाट धरला. मुलगा चालवत होता, मी त्याच्या शेजारी, मागे माझी आई आणि भाचीची लहान मुलगी. हे जळगावलाच राहिले होते.

कन्नडचा म्हणजे औट्रम घाट आपल्या खानदेशाला नवा नाही. वर कन्नड, खाली चाळीसगाव. २०२१ च्या ऑगस्टअखेर पावसाने याच घाटात दरडी कोसळल्या आणि रस्ता किती दिवस बंद होता, ते तुम्हालाही आठवत असेल. अवजड वाहनांना तर २०२३ मध्ये इथून बंदीच झाली. संध्याकाळची वेळ होती. मुलगा आपला वळणावर ब्रेक, वळण सुटलं की जरा वेग, पुन्हा ब्रेक, असा मजेत उतरत होता. मागून आई सारखी, "दादा, गाडी हायू चालाड रे," म्हणत होती आणि तो "हो आजी, हो आजी" म्हणत होता.

अर्ध्याच्या पुढे उतरलो असू. गाडीत वास यायला लागला, करपल्यासारखा. मला वाटलं बाहेर कुणीतरी टायर जाळतंय. तेवढ्यात मुलाचा चेहरा बदललेला मला दिसला. तो हळूच म्हणाला, "आई, पेडल खाली चाललंय."

त्याच्या पायाखाली पेडल फरशीपर्यंत जात होतं, जसा काही स्पंजच दाबतोय. गाडी थांबत नव्हती. समोर वळण होतं, डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही सुचलंच नाही, खरं सांगते. मागे आई पोरीला गोष्ट सांगत होती, तिला काहीच कळलेलं नव्हतं. मुलाने पेडल भराभर दोन-चारदा दाबलं, गिअर दुसऱ्यात टाकला, गाडीने मोठ्याने हुंकार दिला आणि जरा दबली. मग पहिला. मग हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून धरून तो दांडा थोडा थोडा वर ओढत त्याने गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, आणि एका रुंद जागी ती थांबली. सगळं मिळून मिनिटभराचा खेळ असेल. माझ्या पदराची गाठ मी हातात पिळून ठेवली होती, ती नंतर सुटता सुटेना.

खाली उतरलो तर चाकातून धग येत होती. मी पाण्याची बाटली काढली. मुलगा ओरडला, "पाणी टाकू नकोस!" लालबुंद तव्यावर गार पाणी ओतलं तर तवा वाकडा होतो, चिरतो, तसंच डिस्कचं. आम्ही तासभर तिथे बसलो. आईने पिशवीतून लाडू काढले. गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा टणक लागायला लागलं, पण माझा विश्वास उडाला होता. पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी घाटाखाली आलो, गाडी चाळीसगावला एका मिस्त्रीकडे लावली आणि एसटीने धुळ्याला गेलो.

रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे आमच्या गटातली एक बाई येत होती. नाव नको. तिचा नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. सावदा-रावेरकडून माल भरायचा आणि उत्तरेला जायचा. गाडीचे लायनर झिजलेत, असं तो मालकाला सांगत होता. मालक म्हणत होता, ही खेप होऊ दे, मग बघू. ती खेप झाली नाही. भरपाईसाठी कामगार न्यायालयाचे उंबरे तिने झिजवले तेव्हा मी तिच्याबरोबर जात होते. तिथे बाकड्यावर बसून तिने मला एकदा विचारलं होतं, "ताई, लायनर म्हणजे केवढा असतो हो?" तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

आणि आपल्या शिरपूर तालुक्यातलं पळासनेर कोण विसरेल? ४ जुलै २०२३. मुंबई-आग्रा महामार्गावर उतारावरून आलेला एक कंटेनर वाटेतल्या गाड्यांना उडवत थेट थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. ब्रेक निकामी झाल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. किमान दहा माणसं गेली. त्यांत बसची वाट बघत उभे असलेले लोकही होते, ज्यांचा त्या गाडीशी काही संबंध नव्हता. ब्रेक हा प्रश्न फक्त गाडीत बसलेल्यांचा नसतो.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी रेल्वेने चाळीसगावला आलो. मिस्त्री पन्नाशीचा, हात काळे, बोलणं अहिराणी. आधी तो सगळं माझ्या मुलालाच सांगत होता. मी मध्येच विचारलं, "दादा, कॅलिपर सरकतोय ना नीट? पिन जाम नाहीत ना?" मग तो माझ्याकडे वळला! त्याने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. ताजं ऑइल मधासारखं पिवळसर, पारदर्शक असतं. आमचं काळ्या चहासारखं झालेलं होतं. आधीच्या मालकाने कित्येक वर्षांत बदललेलं नव्हतं, आणि आमच्या पोराने गाडी घेताना गाणी कशी वाजतात ते तपासलं होतं.

त्याचं काय होतं, ऐका. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली की मीठ पाणी धरतं. ब्रेक ऑइल तसंच आहे, हवेतली ओल ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात पाणी मुरलं की हा आकडा १५५ अंशांच्या आसपास येतो. डॉट ३ असेल तर नवं असताना २०५ आणि ओल धरल्यावर १४०. घाटात सतत ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड भयंकर तापतात, ती धग कॅलिपरमधून ऑइलला लागते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. पातळ पदार्थ दबत नाही, म्हणून तो जोर पुढे पोहोचवतो. वाफ मात्र दबते. मग पाय वाफेलाच दाबत राहतो आणि पॅडपर्यंत जोर पोहोचतच नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी, म्हणून पेडल टणक. आमच्या गाडीला एबीएस आहे हो, २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही एवढंच, उकळलेल्या ऑइलपुढे ते काय करणार? हँडब्रेक वाचवायला आला, कारण त्याला तार असते, ऑइलशी त्याचा संबंध नाही.

मुलाने भीत भीत विचारलं, "काका, मोठे ब्रेक बसवून घेऊ का? आणि कॅलिपरला लाल रंग?" मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, हाऊ रंग काय गाडी थांबाडस का?"

मग दुपारभर आमची शाळाच भरली. मला सगळ्यात पटलं ते त्याचं टायरचं बोलणं. ब्रेक चाकाला थांबवतो, पण गाडीला रस्त्यावर धरून ठेवतं ते टायर. टायर गुळगुळीत असेल तर लाखाचा ब्रेक लावा, गाडी घसरतच जाणार. म्हणून गाडीवर पैसा घालायचाच तर आधी टायर. मग ऑइल, ते दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि त्या वेळी नळ्यांतली सगळी हवा काढून घ्यायची. यात काही शे रुपयांचाच प्रश्न असतो. मग चांगले पॅड. पण त्यातही शर्यतीचे पॅड घरच्या गाडीला घेऊ नयेत, असं तो म्हणाला. ते तापल्याशिवाय पकडतच नाहीत. सकाळी दूध आणायला निघालेल्या गाडीचे पॅड कधी तापणार? जुन्या रबरी नळ्या फुगायला लागल्या असतील तर त्या बदलाव्यात. हौशी लोक स्टीलच्या विणीच्या नळ्या घालतात. त्या फुगत नाहीत, म्हणून पेडल टणक लागतं.

मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर असा सगळा संच परदेशातून येतो आणि लाखाच्या पुढे जातो. मोठी डिस्क जास्त धग पोटात घेते, हे खरं. रोज घाट उतरणाऱ्याला किंवा शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्याला तिचा उपयोग होतो. पण मोठा कॅलिपर लहान चाकात मावत नाही, मग चाकं बदला. स्टेपनी बसत नाही, मग वाटेत पंक्चर झालं की बोंब. आणि पुढचे ब्रेक जबरदस्त आणि मागचे जुनेच ठेवले तर गाडीचा तोल बिघडतो. शिवाय कायदा आहेच. गाडी बनवणाऱ्याने ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल करता येणार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१९ च्या जानेवारीत आला. आपल्याला न कळवता केलेल्या बदलावर विमा कंपनी बोट ठेवू शकते. भोकं पाडलेली डिस्क दिसायला सुंदर, फॅशनच्या बांगडीसारखी, पण हलक्या दर्जाची असेल तर त्या भोकांपासूनच तिला तडे जातात.

मी विचारलं, "मग घाट उतरायचा कसा?" तो म्हणाला, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनलाच गाडी धरू द्या आणि ब्रेक थोडा वेळ नीट दाबून सोडा, सारखा पाय ठेवून बसू नका. आणि वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद दुप्पट नाही, चौपट लागते. हे शेवटचं माझ्या मुलाला बारावीच्या फिजिक्समध्ये शिकवलं होतं. त्याला पैकीच्या पैकी मार्कही होते.

पुढचे पॅड झिजून पातळ झाले होते, ते बदलले. एका बाजूच्या कॅलिपरची पिन गंजून जाम झाली होती, ती साफ करून ग्रीस लावलं. मागचे ड्रम उघडले तेव्हा पोऱ्याने हवेच्या नळीने आतली धूळ उडवली. मी ओरडलेच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसाला फार वाईट. ओल्या फडक्याने पुसायचं असतं. तुमच्यापैकी कुणाचे यजमान, मुलगा गॅरेजमध्ये कामाला असतील तर त्यांना हे सांगाच, आणि त्यांचे कामाचे कपडे घरात झटकू नका, वेगळे धुवा. मिस्त्रीने पोऱ्याला फडकं दिलं. माझं बोलणं त्याला आवडलं की नाही, कुणास ठाऊक.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून आपल्या स्कूटरच्या ब्रेकची डबी बघून आले.

त्यानंतरच्या शनिवारी बचत गटाची बैठक माझ्याकडे होती. कर्ज, हप्ते झाल्यावर मी सगळ्यांना अंगणात नेलं आणि म्हटलं, आपापल्या स्कूटीचा ब्रेक दाबून दाखवा. निम्म्याहून जास्त जणींचा दांडा मुठीला टेकत होता! "आम्हाला वाटलं असाच असतो," असं म्हणाल्या. असा नसतो, बायांनो. तार सैल झाली किंवा लायनर झिजले की दांडा मुठीपर्यंत जातो. पुढे डिस्क असेल तर हँडलजवळच्या डबीत काचेची खिडकी असते, तिच्यात ऑइलची पातळी दिसते. ती खुणेच्या खाली गेली असेल तर नुसतं ऑइल ओतून मोकळं होऊ नका, ते कमी का झालं ते बघून घ्या. पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. आणि त्यात चुकूनही इंजिन ऑइल घालू नका, आतले रबर फुगून ब्रेक जातो. अलीकडच्या स्कूटींना डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकं धरली जातात. ते कितीजणींना माहीत होतं, विचारू नका. मलाही नव्हतं.

ती बाईसुद्धा आली होती. मी मिस्त्रीकडून मागून आणलेला जुना झिजलेला लायनर तिच्या हातावर ठेवला. स्कूटीचा नव्हता, गाडीचाच होता. म्हटलं, ट्रकचा याच्याहून कितीतरी मोठा असतो, पण असाच. तिने तो उलटसुलट करून बघितला, बोटाने झिजलेली बाजू चाचपली. "एवढाच?" म्हणाली. मग पदराने हात पुसून चहाचे कप गोळा करायला लागली.

नाताळच्या सुट्टीत मुलगा पुन्हा आला, आणि लाल डबा माळ्यावरून खाली आला. आता मी नाही म्हटलं नाही. हौस आहे, करू दे. पण मी खुर्ची टाकून समोर बसले. चाक काढलं, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता खाली भक्कम स्टँड लावले. कॅलिपर तारेच्या ब्रशने घासून, ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडा केला, कारण जरासा जरी तेलकटपणा राहिला तर रंग पोपडे धरतो. डिस्कला, पॅडला, दट्ट्याच्या रबराला आणि हवा काढायच्या बोंडाला रंग लागू नये म्हणून कागदाच्या चिकटपट्ट्या लावल्या. रंगही साधा ऑइलपेंट नव्हता, धग सोसणारा होता. साधा लावला असता तर पहिल्याच घाटात करपला असता. पातळ पातळ तीन हात दिले, मध्ये वाळू दिलं. काम माझ्या रांगोळीपेक्षा सुबक झालं, हे कबूल करायला हवं. पांढऱ्या गाडीच्या काळ्या चाकातून ती लाल टिकली डोकवायला लागली तेव्हा मलाही बरं वाटलं.

तेवढ्यात ती बाई गटाचं पासबुक द्यायला आली. गाडीभोवती एक चक्कर मारली. लाल रंगाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं आणि विचारलं, "दादा, ऑइल कधी बदललं?"

मुलाने बॉनेट उघडून तिला डबीचं झाकण दाखवलं. त्यावर त्याने मार्करने तारीख लिहून ठेवली होती.